व्हिसापूर्वीचा नकार

नागपूरहून इटारसीकडे जाणारी गाडी पांढुर्णा सोडून मुलताईच्या दिशेने निघाली, की वाटेत तिगाव नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थान जोडणाऱ्या या लोहमार्गावरून रात्रंदिवस माणसांची ये-जा चालू असते. तथापि बहुतेक वेगवान गाड्यांना तिगावच्या फलाटाची ओळख नाही. भोवताली संत्र्याच्या बागा, कपाशीची शेते आणि घराघरांत मराठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले, छिंदवाडा मात्र मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्याबरोबर सौंसर व पांढुर्णा हा मराठी मुलूखही तिकडेच राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. भाषेची स्थिती त्यामुळे बदलली असे नाही. तेथील मूल घरी मराठी बोलते, कचेरीत हिंदीत अर्ज करते, आणि परदेशी नोकरीचा करारनामा हाती आला तर तो इंग्रजीत असतो.

गोमंतकाच्या वाचकास तिगावशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. आमच्याकडे घरटी एखादा तरी माणूस आखातात, आफ्रिकेत किंवा बोटीवर असतो. करारनाम्यातील कोणते कलम फसवे आणि कोणता एजंट लबाड, हे सांगणारा काका-मामा शेजारच्या वाड्यावर भेटतो. तिगावसारख्या गावात असा माणूस नसतो. म्हणूनच ज्या प्रश्नाचा आम्ही आज विचार करीत आहोत, तो तेथे अधिक उघडा दिसतो. प्रश्न असा की, परदेशातील शाळेत शिक्षकाची जागा स्वीकारल्याचे कळवल्यानंतर, पण व्हिसाचा अर्ज जाण्यापूर्वी, एखाद्याने माघार घेतली तर त्याने काही गैर केले काय?

कल्पना करावी की, बी.एड. झालेली अशा गावातील एखादी मुलगी आखाताच्या एखाद्या शाळेस दूरध्वनीवरून मुलाखत देते. निवड झाल्याचे पत्र येते, घरी पेढे वाटले जातात, वडील सावकाराकडे जाऊन येतात. मग करारनाम्याची प्रत येते. निवास फुकट म्हटले होते, प्रत्यक्षात एका खोलीत चौघींनी राहावयाचे आहे. विषय गणित ठरला होता, कागदावर ‘शाळा सांगेल ते’ असे आहे. दोन वर्षे पूर्ण होण्याआधी परत आल्यास अमुक महिन्यांचा पगार भरावा लागेल, असेही एक कलम आहे. मुलगी दोन रात्री विचार करते आणि नको म्हणते. त्यानंतर तिच्यावर जे बेतते, तेच आमच्या चिंतेचे कारण आहे. एजंट म्हणतो, भरलेले पैसे गेले. मूळ प्रमाणपत्रे साक्षांकनासाठी दिलेली असतात, ती ‘नुकसानभरपाई दिल्यावर’ मिळतील असे तो सांगतो. पासपोर्टवर काळा शिक्का बसेल, पुन्हा कोणत्याच देशात पाऊल टाकता येणार नाही, अशी धमकीही तो देतो. आणि गाव म्हणते, पोरगी भ्याली.

यातील गावाच्या बोलण्याचा विचार आधी करू, कारण पुष्कळदा एजंटापेक्षा गावच माणसाला विमानात ढकलतो. ‘एकदा शब्द दिला’ हा आपल्याकडे मोठा विचार आहे, आणि तो मोठा असावा हेच योग्य. परंतु शब्द कशाला दिला, हे पाहावयास नको काय? मुलाखतीत जे सांगितले त्याला होकार दिला होता. कागदावर दुसरेच उतरले असेल, तर शब्द प्रथम कोणी मोडला? तेच लग्नाच्या बोलणीत घडले असते, तर याच गावाने मुलीच्या बापास शहाणा म्हटले असते.

पैशाच्या बाबतीत तर तिगावच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. संत्र्याची बाग फळ हिरवे असतानाच व्यापारी बघून जातो, सौदा ठरतो आणि तो इसार देतो. पुढे भाव उतरले आणि व्यापारी फिरकला नाही, तर इसार बुडतो आणि व्यवहार तेथे संपतो. शेतकरी व्यापाऱ्याच्या घरी जाऊन त्याचे दागिने अडकवून ठेवीत नाही. या रीतीत एक गोष्ट स्वयंस्पष्ट आहे: इसार घेणारा देतो, विकणारा देत नाही. बैलाच्या बाजारातही हेच. शिक्षकाच्या परदेशी भरतीत मात्र हा न्याय उलटा झाला आहे. ज्याला माणूस हवा ती शाळा काही देत नाही, आणि जी आपले श्रम व विद्या विकावयास निघाली आहे तिच्याकडूनच इसार घेतला जातो. नंतर ती नको म्हणाली की तोच इसार ‘दंड’ ठरतो. विक्रेत्याने इसार द्यावा आणि तो बुडवूनही घ्यावा, असा सौदा आम्ही दुसऱ्या कोणत्याही बाजारात पाहिलेला नाही.

संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या श्रमविषयक कायद्याने भरतीचा खर्च कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे वसूल करण्यास मालकास मनाई केली आहे. कागदावर तरी तेथील राज्यकर्त्यांनी हा उलटा न्याय सुलटा केला. खर्च अंगावर पडतो तो समुद्राच्या अलीकडे, एजंटाच्या खोलीत.

आता कायद्याकडे वळू. कबूल केलेला करार मोडणे म्हणजे काहीच नव्हे, असे आम्ही म्हणत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ७३ व्या कलमान्वये करारभंगाने झालेले खरे नुकसान मागता येते. पण ७४ व्या कलमाने करारात लिहिलेल्या दंडाच्या आकड्याला वरची मर्यादा मानले आहे; न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देते. व्यक्तिगत सेवेचा करार जबरदस्तीने पार पाडून घेता येत नाही, हे तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यातील जुने तत्त्व आहे. नको म्हणणाऱ्या माणसास वर्गात उभे करण्याचा अधिकार या देशात कोणासही नाही.

हे तत्त्व आपल्याला फुकट मिळालेले नाही, याची आठवण देणे अवश्य आहे. १८५९ च्या तेराव्या कायद्यान्वये आगाऊ रक्कम घेऊन कामावर न जाणाऱ्या मजुरास दंडाधिकारी कामावर पाठवू शकत असे, आणि न गेल्यास तीन महिन्यांपर्यंत तुरुंगात टाकू शकत असे. नकार हा गुन्हा होता. तो कायदा १९२५ च्या विधेयकाने रद्द झाला. १८३४ पासून मॉरिशसला गेलेल्या गिरमिटियांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात. गिरमिटाखाली कामावरून दूर राहणे हा शिक्षापात्र अपराध असे. गिरमिटावर माणसे पाठवणे १९१७ मध्ये थांबले, आणि त्यामागे वर्षानुवर्षांचे लोकमत उभे होते. मजुराच्या ‘नाही’ला अर्थ यावा म्हणून त्या पिढीने जी झुंज दिली, तिचे फळ आज एका शिक्षिकेस मिळू नये, ही गोष्ट कोणास साधी वाटत असेल तर आम्हांस वाटत नाही.

पासपोर्टविषयीची धमकी तर निव्वळ थाप होय. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, आणि तो जप्त वा रद्द करण्याचा अधिकार पासपोर्ट अधिकाऱ्यांचा. सुरेश नंदा खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, पोलीस किंवा सामान्य फौजदारी न्यायालयसुद्धा पासपोर्ट अटकवून ठेवू शकत नाही. जे पोलिसांस शक्य नाही ते चावडीशेजारच्या एजंटास कसे शक्य असेल? नोकरी नाकारणे हे पासपोर्ट रद्द करण्याचे कारण त्या कायद्यात कोठेही सांगितलेले नाही. आणि व्हिसाचा अर्जच गेला नसेल, तर परक्या देशाच्या दप्तरी नकाराची नोंद व्हावयाची कशी?

म्हणून व्हिसापूर्वीची वेळ महत्त्वाची. त्यापुढे चित्र पालटते. आखाती देशांत निवासाचा परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. काम सोडून गेला अशी तक्रार मालकाने दिली, की परक्या भूमीवर शिक्षक एकदम अपराधी ठरू शकतो. शाळेचाही तोवर बराच खर्च झालेला असतो, तिकीट निघालेले असते, वर्गाचे वेळापत्रक लागलेले असते. अलीकडच्या तीरावर उभे राहून पाण्याचा अंदाज घेणारा आणि मध्यावरून उलटा फिरणारा, यांत फरक आहे. पहिल्याचा नकार उतावळा असेल, गैरसोयीचा असेल, पण तो प्रामाणिक आहे.

तो नकार देता येऊ नये अशी व्यवस्था केली की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले आहे. २००७ पासून फिलिपीन्समधील साडेतीनशेहून अधिक शिक्षक लुइझियाना राज्यातील शाळांत नेण्यात आले. भरती करणाऱ्या कंपनीने प्रथम परत न मिळणारी मोठी रक्कम भरून घेतली. ती गेल्यावर आणखी एक, त्याहून मोठी रक्कम सांगितली, आणि वर पगाराचा हिस्साही मागितला. एकूण बोजा सुमारे १६,००० डॉलरांवर गेला. पुष्कळांनी पहिल्या रकमेसाठी कर्ज काढले होते. मागे फिरावे तर कर्ज अंगावर आणि हाती काही नाही, म्हणून ते पुढे गेले. डिसेंबर २०१२ मध्ये ज्यूरीने या शिक्षकांना ४५ लाख डॉलर देवविले. त्याआधी २०११ साली मेरिलँड राज्यातील प्रिन्स जॉर्जेस परगण्याच्या शाळाखात्याला, परदेशी शिक्षकांवर व्हिसाचा खर्च लादल्याबद्दल, हजाराहून अधिक शिक्षकांना सुमारे ४२ लाख डॉलरांचे वेतन परत करावे लागले. फिलिपीन्सच्या शिक्षकांना न्याय मिळाला हे खरे. पण तो अमेरिकेच्या भूमीवर, अमेरिकेच्या न्यायालयात, पाच वर्षांनी. मनिलात असताना पहिल्या हप्त्यानंतर ‘पुरे’ म्हणण्याची सोय असती, तर त्यांतील किती जण गेले असते?

आपल्याकडे या सोयीचे रक्षण करणारा कायदा आहे, आणि त्यातच एक विचित्र खिंडार आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या एजंटास नोंदणी सक्तीची केली, त्याच्याकडून ठेव घेतली, त्याच्या शुल्काला मर्यादा घातली. ही मर्यादा पुढे ३०,००० रुपये व त्यावरील कर अशी झाली. परंतु कोणत्या कामासाठी? कायद्याच्या व्याख्येत अकुशल मजूर आहे, घरकाम आहे, मोटारचालक, तंत्रज्ञ, टंकलेखक, विक्रेता आणि परिचारिका आहे. शिक्षक हा शब्द त्या यादीत नाही. कायदा करणाऱ्यांना वाटले असावे की, जो इतरांस शिकवतो त्याला कोण फसवणार! शिवाय दहावी उत्तीर्ण झालेल्यास परदेशी कामासाठी सरकारी परवानगीची गरज उरत नाही, अशी सर्वसाधारण रीत आहे. परिचारिकांच्या बाबतीत फसवणुकीचे प्रकार वाढले, तेव्हा २०१५ मध्ये सरकारने ही रीत बाजूस ठेवली आणि आखातासह अठरा देशांत जाणाऱ्या परिचारिकांना परवानगी आवश्यक केली. शिक्षिका मात्र शिकलेली म्हणून वाऱ्यावर सोडलेली. विद्येला मिळालेले हे बक्षीस मोठे विलक्षण म्हणावे लागेल.

नव्या कायद्याचे मसुदे परराष्ट्र खात्याने २०१९ मध्ये, २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये लोकांपुढे मांडले. मसुद्यांची वाट पाहत बसण्याचे मुळात कारणच नव्हते. १९८३ च्या त्याच व्याख्येच्या शेवटी, केंद्र सरकार अधिसूचनेने इतर कामे यादीत घालू शकेल, असा अधिकार ठेवलेला आहे. संसदेचा एक तासही त्यासाठी खर्च होत नाही.

दुसरी बाजू ऐकल्याविना निर्णय देणे संपादकास शोभत नाही. आम्ही काही मुख्याध्यापकांची तक्रार ऐकून आहोत की, पुष्कळ उमेदवार तीन-तीन शाळांना होकार देतात आणि अखेरच्या आठवड्यात दोघींना ताटकळत ठेवतात. काही जण परदेशी पत्र दाखवून इकडच्या संस्थेत पगार वाढवून घेतात, म्हणजे मुळात जावयाचेच नसते. अशांचे समर्थन आम्ही करणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याने दोन लाख रुपये द्यावेत ही अट वैध ठरवली, याचीही नोंद घ्यावी. पण तो अधिकारी नोकरीत रुजू झालेला होता, आणि ती अट एका सार्वजनिक बँकेने आपल्या भरतीच्या खर्चापोटी घातली होती. व्हिसाचाही अर्ज न गेलेल्या उमेदवाराकडून एजंटाने उकळावयाच्या रकमेस त्या निर्णयाचा आधार घेणे म्हणजे कायद्याची थट्टा होय. ज्याने नकार द्यावयाचा त्याने तो लेखी द्यावा, ठरल्याबरोबर द्यावा, कारण दोन ओळींत सांगावे. फोन उचलणे बंद करून गायब होणे हा नकार नव्हे. शाळेस दुसरा शिक्षक शोधावयास महिना मिळतो, तेथील मुलांचे वर्ष वाचते.

आणि पैशांचे काय करावे? याचे उत्तर आपल्याच विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिलेले आहे, फक्त ते विद्यार्थ्यांपुरते आहे. प्रवेशाच्या अखेरच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत. त्यानंतर तारखेपर्यंत ९० टक्के. तारखेनंतर पंधरा दिवसांत ८०. महिन्याच्या आत ५०. मग काही नाही. मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही संस्थेने अडकवून ठेवू नयेत, असेही त्याच अधिसूचनेत आहे. अठरा वर्षांच्या मुलाला माघार घेण्याची वेळ आणि किंमत दोन्ही छापून मिळतात. त्याच मुलाला शिकवणाऱ्या शिक्षिकेस, ती समुद्रापार निघाली की, असे एकही कोष्टक नाही.

मुळात या मुली-मुलांना दुरून आलेल्या पहिल्या पत्रास होकार देण्याची घाई का होते, याचा विचार दोन्ही राज्यांच्या सरकारांनी आरशात पाहून करावा. महाराष्ट्रात शिक्षणसेवकाचे मानधन २०१२ पासून ६,०००, ८,००० व ९,००० रुपये होते. ते जानेवारी २०२३ पासून १६,०००, १८,००० व २०,००० झाले, तेही फार ओरड झाल्यावर. मध्य प्रदेशात अतिथी शिक्षकांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये वर्गवारीनुसार १८,०००, १४,००० व १०,००० रुपये जाहीर झाले. त्याआधी ते याच्या निम्मे होते. तिगावच्या अतिथी शिक्षकाला पुढील वर्षी आपली जागा राहील की नाही, हे जूनपर्यंत ठाऊक नसते. अशा माणसाने आखाताचे पत्र पाहून डोळे मिटून सही केली, तर त्यास लोभी म्हणवत नाही.

परदेशातील अध्यापन सोडून देण्याने कोणाची किंमत कमी होत नाही, हे सांगण्यास आम्हांस दूर जावे लागत नाही. साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९१० मध्ये हार्वर्डला ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी गेले. श्रेयाच्या प्रश्नावरून प्रा. लॅनमन यांच्याशी त्यांचे मतभेद झाले, आणि १९१२ मध्ये ते काम टाकून स्वदेशी परतले. नंतर फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली. त्याआधीही महाराष्ट्रात काम करता यावे म्हणून कलकत्त्याची अधिक वेतनाची जागा सोडून सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपये त्यांनी पत्करले होते. पुढे ते अमेरिकेस आणि रशियासही पुन्हा गेले, म्हणजे परदेशाशी त्यांचे वैर नव्हते. हार्वर्डने तो ग्रंथ १९५० साली, कोसंबींच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, त्यांच्या नावासह प्रसिद्ध केला. कोसंबींना परत येण्यासाठी कोणत्याही एजंटाचे देणे फेडावे लागले नाही, एवढे त्यांचे भाग्य.

राष्ट्रकुलातील देशांनी २००४ मध्ये शिक्षकभरतीविषयी एक संहिता मान्य केली. कॅरिबियन देशांतील शिक्षक मोठ्या संख्येने इंग्लंडला जाऊ लागल्याने ती जन्मास आली, आणि शिक्षकास अटींची पूर्ण माहिती आधी मिळावी असे ती सांगते. ती कोणावर बंधनकारक नाही, आणि आखात राष्ट्रकुलात नाही. तेव्हा तिच्यावर विसंबून चालणार नाही. केंद्र सरकारने शिक्षकाचे काम अधिसूचनेने १९८३ च्या व्याख्येत, किंवा त्याच्या जागी येणाऱ्या कायद्यात, आणावे. व्हिसाचा अर्ज जाण्यापूर्वी उमेदवाराकडून काहीही घेण्यास मनाई असावी, आणि साक्षांकनासाठी दिलेली प्रमाणपत्रे मागताक्षणी परत करणे हे एजंटाच्या परवान्याची अट असावी. आखातातील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, त्यामुळे नेमणुकीची पत्रे हिवाळ्यात सुटतात. अधिसूचना त्यापूर्वी निघाली तरच तिचा उपयोग.

गोवा सरकारचे अनिवासी भारतीय व्यवहारांचे कार्यालय पणजीत आहे. करारनाम्यातील नेहमीच्या कलमांचा मराठी अर्थ सांगणारे चार पानांचे पत्रक त्याने काढावे, आणि त्याची प्रत पांढुर्ण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडेही पाठवावी. त्यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही.